यादीतली तिसरी ओळ

तयार प्रोग्रॅम टाकून कॉम्प्युटर ‘फास्ट’ करणाऱ्या माणसांचा मला पहिल्यापासून राग. एक बटण दाबायचं, हिरवी पट्टी पुढं सरकताना टक लावून बघायची आणि ‘तुमचा कॉम्प्युटर आता निरोगी आहे’ अशी अक्षरं आली की खूश व्हायचं. त्यानं आतलं काय काढलं, काय ठेवलं, हे विचारलं तर खांदे उडवायचे. मी त्यातला नव्हतो. शिरूरजवळच्या एका कारखान्यात मी मेंटेनन्सला आहे. झाकण उघडून आत बघितल्याशिवाय मला चैन पडत नाही. माझ्या खोलीवरच्या कॉम्प्युटरमध्ये असला एकही प्रोग्रॅम नव्हता. मशीन चालू होताना काय काय उठायचं, काय बंद ठेवायचं, कीबोर्डवरच्या कुठल्या कळेला कुठलं काम द्यायचं, ते सगळं आतल्या सेटिंगमध्ये शिरून मी हातानं लावलेलं. मित्र म्हणायचे, तुझ्या कॉम्प्युटरवर दुसऱ्याला साधं पत्र टाइप करता येत नाही. मला ती स्तुती वाटायची.

या स्वभावाचं पुढं काय झालं ते लिहितो आहे. त्यात कौतुक करण्यासारखं काही नाही, हे आधीच सांगून टाकतो.

माझे मामा खुटबावच्या एका वस्तीवर राहायचे. यवतला हायवेलगत त्यांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं. विहिरीवरच्या, बोअरच्या जळालेल्या मोटारी यायच्या. मामा आतली काळी पडलेली तार उपसून काढायचे आणि नवी तार हातानं, वेढे मोजत भरायचे. तोंडात तंबाखू असायचीच. एका हिवाळ्यात त्यांचा घसा बसला तो सुटेना. आधी खडीसाखर झाली, मग काढे झाले, मग यवतचे डॉक्टर झाले आणि शेवटी पुण्याच्या मोठ्या हॉस्पिटलात सांगितलं की स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल, आवाज जाईल.

‘पाटीवर लिहून दाखवतील की,’ असं प्रत्येक जण म्हणत होता. मीही म्हटलं. हॉस्पिटलच्या पॅसेजमध्ये मामी भिंतीला टेकून बसली होती. तिनं सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “त्ये लिवत्याल. पर मला कुठं वाचाया येतंय?”

कुणाच्याच डोक्यात ते आलं नव्हतं. मामा सातवी पास, मामी शाळेची पायरी न चढलेली. एकुलती एक मुलगी, म्हणजे माझी मामेबहीण, लग्न होऊन दौंडला, तिथंच एका ऑफिसात नोकरीला. वस्तीवर ही दोघंच. आता एकाला बोलता येणार नव्हतं आणि दुसरीला वाचता येणार नव्हतं. मी तिथल्या तिथं म्हणालो, “मामी, तुम्ही काळजी करू नका. मी करतो कायतरी.” ते मी मनापासून म्हणालो होतो.

आवाज गेलेल्या माणसांना मदत करणाऱ्या एक बाई त्या हॉस्पिटलात होत्या. त्यांनी एक तयार प्रोग्रॅम दाखवला. स्क्रीनवर मोठमोठे चौकोन, त्यांत चित्रं: पाण्याचा पेला, जेवणाचं ताट, दुखणारं पोट. चौकोन दाबला की तो बोलायचा. खाली वाक्य टाइप केलं तर तेही बोलून दाखवायचा. कोपऱ्यात एक हिरवं बटण होतं. काही बिघडलं तर ते दाबायचं, सगळं पहिल्यासारखं होतं, असं बाईंनी सांगितलं. मामा वाकून वाकून बघत होते. त्यांना ते आवडलं होतं, हे मला दिसत होतं.

मी बाहेर आल्यावर म्हणालो, “मामा, ते आपल्या मशीनवर चालणार नाही.” चाललं असतं. मला ते बटाट्याएवढे चौकोन, ते चालू होताना वाजणारं संगीत आणि दर आठवड्याला ‘नवीन आवृत्ती घ्या’ म्हणून मागं लागणं पसंत नव्हतं. खरं सांगायचं तर दुसऱ्यानं केलेलं पसंत नव्हतं. “मी हातानं करून देतो, एकदम तुमच्या मापाचं,” म्हणालो. मामांनी मान डोलावली. त्यांनी आयुष्यभर हातानंच काम केलेलं, त्यांना माझं म्हणणं पटणारच होतं.

ऑपरेशनच्या आदल्या रविवारी मी वस्तीवर जाऊन त्यांचा आवाज मोबाइलवर भरून घेतला. काय काय बोलायचं याची यादी मी करून नेली होती. मामांनी ती बाजूला ठेवली आणि आधी नुसते खाकरले. मला वाटलं घसा साफ करतायत. ते म्हणाले, “ह्ये घे पहिलं.” गावाकडं पुरुष माणूस दारात आला की आधी खाकरतो, म्हणजे आतल्या बायका सावरून बसतात. मामांच्या त्या खाकरण्यावर मामी चहाचं आधण ठेवायची. ते भरून घेतलं. मग ‘आलो गं’, मग ‘गुरांना पानी दावलं का’, मग ‘लाइट आली का बघ’. असं करत तीसेक वाक्यं झाली. घसा फाटलेला होता, तरी एका वाक्यावर त्यांनी जोर लावला, ‘जरा गप बस की आता!’ मामी चुलीपासून ओरडली, “ह्येबी भरताय व्हय?” त्या दिवशी तिघंही हसलो.

मामेबहिणीच्या घरी एक जुना कॉम्प्युटर पडून होता. तो मी वस्तीवर आणला आणि पुढचे चार-पाच सुटीचे दिवस त्याच्यात घातले. शिरूरहून न्हावरा, तिथून पारगावचा भीमेवरचा पूल, चौफुला, खुटबाव असा मोटरसायकलवरचा रस्ता मला पाठ झाला. आकड्यांच्या कळांवर त्यातली रोजच्या वापरातली दहा वाक्यं बसवली. एक दाबलं की खाकरणं, दोन दाबलं की ‘आलो गं’. बाकीच्या कळांवर मराठी अक्षरांचे स्टिकर चिकटवले. मामांनी एका बोटानं टाइप करून मोठी कळ दाबली की मशीन ते वाक्य कुठल्यातरी अनोळखी बाईच्या आवाजात वाचायचं. या सगळ्यासाठी मी स्वतः एक छोटा प्रोग्रॅम लिहिला होता. मशीन चालू झालं की तो आपोआप उठायचा. पासवर्ड नाही, माउस नाही, मामांच्या हातून चुकून दाबल्या जातील त्या सगळ्या कळा मुक्या करून टाकलेल्या. लिहिताना चाचणीसाठी म्हणून त्याला ‘टेस्ट-टू’ असं नाव दिलं होतं. तेच राहिलं. नावाला कोण बघतंय, काम चालल्याशी मतलब.

ऑपरेशननंतर मामा घरी आले. गळ्याला भोक, त्यावर पांढरी जाळी. पहिल्या दिवशी मशीनसमोर बसले, एक दाबलं आणि खोलीत त्यांचं खाकरणं वाजलं. मामी आत चुलीपाशी होती. ती बाहेर आलीच नाही, तिथंच पदर तोंडाला लावून बसली.

बाईच्या आवाजाला तिनं बरेच दिवस नावं ठेवली. “ही कोन बया बोलतीया घरात?” म्हणायची. पण महिन्याभरात ती त्या बयेशी भांडायला लागली, म्हणजे मामांशीच. मी गेलो की दोघांची हमरीतुमरी चाललेली असायची. ही तोंडानं दहा वाक्यं बोलायची तोवर मामांचं एक टाइप होऊन व्हायचं आणि ते आलं की ही पुन्हा पहिल्यापासून सुरू. शेवटी मामा सात नंबर दाबायचे. ‘जरा गप बस की आता!’ हे मात्र त्यांच्या स्वतःच्या आवाजात. मला इतका अभिमान वाटायचा की छाती फुगायची.

एकदा मामांनी पाटीवर लिहून मला दाखवलं, ‘ह्यात कुठं काय केलंस ते कागदावर लिहून दे.’ मोटार भरली की ते तारेचा गेज, म्हणजे जाडी, आणि वेढे एका चिठ्ठीवर लिहून ती मोटारीच्या झाकणात घालायचे. पुढं ती कुणाच्याही हातात गेली तरी त्याला कळावं म्हणून. मी म्हणालो, “मामा, सगळं माझ्या डोक्यात आहे.” त्यांनी पुन्हा त्या अक्षरांवर बोट ठेवलं. मी म्हणालो, “पुढच्या वेळी देतो.” दिलं नाही. कारण कंटाळा नव्हता. तिथं माझ्यावाचून अडतं, हे मला हवं होतं.

वर्ष-सव्वा वर्ष बरं गेलं. मग आजार छातीत उतरला. हॉस्पिटलनं आता घरीच ठेवा म्हणून सांगितलं. ज्यांना कळायचं त्यांना कळलं. मामांनाही कळलं असावं, कारण त्यानंतर ते फार टाइप करायला लागले. आकड्यांच्या कळा सुटल्याच. मशीन पलंगाला लावून ठेवलं होतं. उशीला टेकून, एका बोटानं, थांबत थांबत ते मामीला काहीबाही सांगत बसायचे. लग्नाआधी मोटार बघायला आलोय असं खोटंच सांगून ते तिच्या वडिलांच्या विहिरीवर गेले होते आणि तिला लांबून बघून आले होते, हे तिला तेव्हा कळलं. चाळीस वर्षांत सांगितलं नव्हतं. मामी मला म्हणाली, “आवाज व्हता तवा एवढं कवा बोलले न्हाईत बग.”

आता तो रविवार. माझी रात्रपाळी संपली होती आणि दुसऱ्या दिवसापासून पहिली पाळी लागणार होती. मी दुपारी खोलीवर झोपलो होतो. मामेबहीण वडिलांना भेटायला वस्तीवर गेली होती, तिचा फोन आला. मशीन फार हळू चालतंय, पप्पांना एका वाक्यासाठी किती वेळ थांबावं लागतं, म्हणून तिनं एक साफसफाईचा तयार प्रोग्रॅम टाकला होता. मी झोपेतून उठलेला, ते ऐकून डोकं फिरलं. “कुणी सांगितलं होतं तुला असला कचरा टाकायला?” तिनं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, “दादा, टाकलाय तर टाकलाय. चालू होताना जे जे उठतं त्याची यादी आलीय. तुला विचारल्याशिवाय काही काढणार नाही, म्हणून फोन केला. वाचून दाखवते.” तिनं वाचलं. पहिला प्रिंटरचा. दुसरा कुठल्याशा गाण्यांच्या प्रोग्रॅमचा. तिसरा ‘टेस्ट-टू’.

“कशाचे आहेत रे हे?”

“कशाचे नाहीत. काढ सगळे,” मी म्हणालो आणि फोन ठेवून कुशीवर वळलो.

माझ्या हातानं लिहिलेला, माझ्या हातानं नाव दिलेला प्रोग्रॅम मला आठवला नाही. सगळं डोक्यात आहे म्हणणाऱ्याच्या डोक्यात ते नव्हतं. तिनं यादीतल्या तिन्ही ओळींपुढच्या खुणा काढल्या. मशीन चालूच होतं, त्यामुळे त्या दिवशी काही बिघडलं नाही. संध्याकाळी ती दौंडला परतली. त्यानंतर मामांनी मामीला टाइप करून सांगितलं, ‘एक सांगायचं राहिलंय. आता दम लागतोय. सकाळी सांगतो.’ बाईच्या आवाजात मशीननं ते वाचलं. त्या घरातलं मशीनचं ते शेवटचं बोलणं.

सोमवारी सकाळी वस्तीवरची लाइट गेली. मशीनला जोडलेली बॅटरी जुनी होती, तिनं दोन शिट्ट्या मारल्या आणि मशीन बंद पडलं. तासाभरानं लाइट आली, मी सांगून ठेवल्याप्रमाणे मामीनं बटण दाबलं, मशीन चालू झालं, दिवे लागले. पण टेस्ट-टू उठला नाही. मामांनी टाइप केलं, मोठी कळ दाबली. काही नाही. पुन्हा टाइप केलं, पुन्हा दाबली. स्क्रीनवर तो साफसफाईचा प्रोग्रॅम ‘बदल मागं घ्यायचे का?’ असं विचारत उभा होता. बटण दाबायला माउस लागला असता. तो मी काढून फळीवर ठेवलेला; रविवारी मामेबहिणीनं तेवढ्यापुरता जोडला आणि काम झाल्यावर परत तिथंच ठेवला.

मशीनचं काही असलं की मलाच फोन करायचा, असं मीच सांगून ठेवलं होतं. मामीनं मला फोन लावला. आमच्या कारखान्यात मोबाइल आत नेऊ देत नाहीत, गेटवरच्या कप्प्यात कुलूपबंद ठेवावा लागतो. गेटवर लँडलाइन आहे, तिचा नंबर ओळखपत्राच्या मागं छापलेला आहे. तो मी खुटबावला कधी दिला नव्हता. त्या दिवशी दुसऱ्या पाळीचा माणूस आला नाही, म्हणून सुपरवायझरनं मला थांबवलं. संध्याकाळी सात वाजता बाहेर आलो, कप्पा उघडला. एकोणीस मिस्ड कॉल होते. पहिला सकाळी साडेआठचा. शेवटचे चार मामेबहिणीचे होते, कारण मामा चार वाजता गेले होते.

तिसऱ्या दिवशी सावडणं झालं. माणसं पांगली. घरात मामी, मामेबहीण आणि मी. मामेबहीण रडत एकच म्हणत होती, “मी नसतं टाकलं ते तर झालं नसतं.” मी गप्प बसलो. लिहायला लाज वाटते, पण बसलो. तीन दिवस तिनं स्वतःला दोष दिला आणि तीन दिवस मी तो देऊ दिला. काढ सगळे, असं मी म्हणालो होतो, हे तिनं एकदाही काढलं नाही.

मामी आतून पाटी घेऊन आली. टॉवेलात गुंडाळलेली. म्हणाली, “मशीन बोलंना तवा त्यास्नी ही दिली व्हती. शेजारच्या बाईकडनं वाचून घेतली आसती, पर नवराबायकूचं काय आसलं त्यात तर? पोरीलाबी दावली न्हाई. तू वाच.”

अक्षरं वाकडीतिकडी, एकावर एक चढलेली होती. मी वाचलं. “मशीन चालंना. भाच्याला सांग.”

“आन् फुडं?”

“एवढंच आहे मामी.”

“त्ये तर मला कळलंच व्हतं की. म्हनून तर तुला फोन लावत व्हते.” तिला राग आला नव्हता, ती बुचकळ्यात पडली होती. “मग आदीचं काय व्हतं?”

“आधीचं म्हणजे?”

“पाच-सा येळा लिवलं त्यांनी. पाटी भरली की माझ्याकडं करायचे. मी मान हालवायची, पुसायची आन् परत हातात द्यायची. लिवत्यात तर लिवू द्या म्हनलं.”

मामेबहिणीनं तोंडावर हात धरला. मला आता गप्प बसवेना. मी म्हणालो, “मामी, तिची काही चूक नाही. तिनं मला विचारलं होतं. काढून टाक असं मीच सांगितलं. मामांना बोलतं करणारा प्रोग्रॅम मी माझ्या हातानं काढायला लावला.” मला वाटलं, आता ती मला बोलेल, शिव्या देईल. मला त्या हव्या होत्या.

मामी म्हणाली, “आसंल बाबा. माझ्या काय ध्येनात येत न्हाई त्यातलं.” मग ती माझ्या जवळ सरकली आणि हलक्या आवाजात म्हणाली, “पर सकाळी पाटी द्यायच्या आदी त्यांनी मशीनीतबी घातलंय. लई येळ बोटं चालत व्हती. बोललं न्हाई मशीन, पर आत तर आसंल की. तू बनीवलंय, तुला सापडंल. त्येवढं काढून दे.”

प्रोग्रॅम उठलेला नसताना दाबलेल्या कळा कुठंच जात नाहीत. दाबल्या आणि विरल्या. हे मला बसायच्या आधीच माहीत होतं. तरी मी फळीवरचा माउस काढून जोडला आणि मशीन चालू केलं. एकेक फोल्डर उघडत गेलो. ‘टेस्ट-वन’, ‘टेस्ट-टू’, ‘टेस्ट-टू नवीन’. त्यातली प्रत्येक ओळ माझी होती, मामांची एकही नव्हती. मामी खुर्चीची पाठ धरून मागं उभी होती.

“सापडलं का रं?” तिनं विचारलं.

मी म्हणालो, “बघतोय, मामी.” आणि जे उघडून झालं होतं तेच पुन्हा उघडायला लागलो.